वाढीसाठी निवडलेल्या उंदरांचे ऊर्जा-चयापचय कसे मोजावे आणि कसे वाचावे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी कोंबडा आणि ब्रॉयलर यांच्या भावात जो फरक दिसतो, त्याच्या मुळाशी दिवसांचा हिशेब असतो. ब्रॉयलर सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात पोहोचतो, तर परसात चरणाऱ्या गावठी कोंबड्याला त्याहून कमी वजन गाठण्यासाठी कित्येक महिने लागतात. हा फरक केवळ खाद्याचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांत वेगाने वाढणारे पक्षीच पुढच्या पैदाशीसाठी राखून ठेवल्याचा तो परिणाम आहे. मग असा प्राणी नेमके काय वेगळे करतो? तो अधिक खातो, की शरीर चालवण्यावर कमी खर्च करतो, की खर्च तेवढाच ठेवून उरलेली ऊर्जा वेगळ्या जागी साठवतो? मोठ्या जनावरांत याचे उत्तर शोधायला वर्षे लागतात आणि पैसाही फार लागतो. प्रयोगशाळेतील लहान उंदरात मात्र गर्भकाळ 19 ते 21 दिवसांचा असतो, 21व्या दिवसाच्या आसपास पिल्ले दूध सोडतात आणि सहा-सात आठवड्यांत ती प्रजननक्षम होतात, त्यामुळे एका वर्षात तीन-चार पिढ्या सहज पाहता येतात.

गोव्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असा अभ्यास आखता यावा आणि इतरांचे प्रसिद्ध झालेले आकडे नीट वाचता यावेत, यासाठी ही मांडणी केली आहे. या विषयात यंत्रे चुकीची असल्यामुळे जितक्या चुका होतात, त्याहून अधिक चुका बरोबर मोजलेला आकडा चुकीच्या संख्येने भागल्यामुळे होतात, असे माझे ठाम मत आहे. म्हणून खालचा बराचसा भाग तुलना कशाशी करावी या एकाच प्रश्नावर खर्च झाला आहे.

परवानगी आधी, पिंजरा नंतर

भारतात प्राण्यांवरील प्रयोग 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि प्रयोगांसाठीची पैदास व देखरेख यांविषयीच्या 1998 च्या नियमांखाली येतात. नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची लेखी मान्यता यांशिवाय एकही उंदीर आणू नये. निवडक प्रजननाचा प्रस्ताव लिहिताना केवळ मोजणीच्या दिवशी लागणाऱ्या उंदरांची संख्या देऊन भागत नाही. प्रत्येक पिढीत जन्मणारी, पण पैदाशीसाठी न निवडलेली पिल्ले किती असतील आणि त्यांचे काय होणार, हेही सांगावे लागते. ही संख्या पाहिली की अनेक विद्यार्थी स्वतः पैदास करण्याऐवजी आधीच तयार असलेल्या वंशांची प्रसिद्ध माहिती वापरण्याचा निर्णय घेतात. मला तो निर्णय बहुतेक वेळा योग्यच वाटतो.

निवड कशाची झाली, हे पहिल्यांदा विचारावे

‘वाढीसाठी निवड’ हे शब्द ढोबळ आहेत. जर्मनीतील डुमरस्टॉर्फ येथे 1975 पासून 42 दिवसांच्या वयातील शरीरवजनावर निवड करून एक वंश वाढवला गेला, आणि शंभराहून अधिक पिढ्यांनंतर त्यातील उंदीर मूळ समूहातील उंदरांपेक्षा दुपटीहून अधिक जड झाले. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे तयार झालेल्या ‘एम 16’ या वंशात निवड वजनावर झाली नव्हती, तर तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातील वजनवाढीवर झाली होती. या उंदरांची भूक मोठी, लठ्ठपणा लहान वयातच येणारा, आणि रक्तातील इन्सुलिन व लेप्टिन (चरबीच्या पेशींतून येणारे, भुकेशी संबंधित संप्रेरक) यांची पातळी चढलेली असते. याउलट कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे वाढीवर निवड चालू असताना सापडलेल्या ‘हाय ग्रोथ’ उंदरांत सॉक्स-2 हा जनुक गळालेला आढळला. वाढसंप्रेरकाचा संदेश पेशीत पोहोचल्यावर त्याला आवर घालण्याचे काम हा जनुक करतो; तो नसला की उंदीर सुमारे 30 ते 50 टक्के मोठा होतो, पण तो लठ्ठ नसतो. तिन्ही ठिकाणी वजन वाढले, परंतु ऊर्जेच्या दृष्टीने हे तीन वेगळे प्राणी आहेत. म्हणून ‘वाढीसाठी निवडलेल्या उंदरांचे चयापचय मंद असते’ किंवा ‘जलद असते’ असे सरसकट विधान कोणी केले, तर आधी त्याला वंश कोणता, निवडीचे वय कोणते आणि पिढी कितवी, हे तीन प्रश्न विचारावेत.

निवडीचे वय महत्त्वाचे का, हे एका साध्या हिशेबाने कळते. स्नायूसारख्या मेदरहित ऊतीच्या एका ग्रॅममध्ये साधारण 20 टक्के प्रथिन आणि बाकी बहुतेक पाणी असते. प्रथिनाच्या ग्रॅममागे 5.6 किलोकॅलरी धरल्या, तर त्या ऊतीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 1.1 किलोकॅलरी साठतात. चरबीच्या ऊतीत 85 टक्के मेद आणि मेदाच्या ग्रॅममागे 9.4 किलोकॅलरी धरल्या, तर तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 8 किलोकॅलरी होतात. काट्यावर दोन्ही ग्रॅम सारखेच दिसतात, पण ऊर्जेत सातपटीचे अंतर असते. पाच-सहा आठवड्यांच्या वयात उंदीर मुख्यतः हाडे, स्नायू आणि अवयव वाढवत असतो, तर दहाव्या आठवड्यानंतरच्या वजनात चरबीचा वाटा वाढलेला असतो. त्यामुळे उशिराच्या वयातील वजनावर निवड करणारा माणूस नकळत चरबीवरही निवड करत असतो.

स्वतःचे वंश चालवायचे असतील तर

पिढीगणिक किती फरक अपेक्षित धरावा, याचे सूत्र सोपे आहे: निवडलेल्या पालकांची सरासरी आणि संपूर्ण समूहाची सरासरी यांतील अंतराला आनुवंशिकता गुणांकाने (फरकाचा किती भाग पुढच्या पिढीत उतरतो, हे सांगणाऱ्या संख्येने) गुणावे. समूहाची सरासरी 24 ग्रॅम, निवडलेल्या पालकांची 27 ग्रॅम आणि गुणांक 0.3 असेल, तर पुढच्या पिढीत 0.9 ग्रॅम वाढ अपेक्षित आहे. प्रत्यक्षात वरच्या आणि खालच्या दिशेने मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो, हे एडिनबरो येथील फाल्कनर यांच्या सहा आठवड्यांच्या वजनावरील प्रयोगांपासून माहीत आहे.

निवड न केलेला तुलना-वंश त्याच खोलीत, त्याच खाद्यावर, त्याच काळात चालू ठेवणे अनिवार्य आहे, आणि शक्य असल्यास निवड-वंशाच्या दोन स्वतंत्र प्रती ठेवाव्यात. एकाच वंशात उष्णता-व्यय, म्हणजे शरीरातून उष्णतेच्या रूपात बाहेर जाणारी ऊर्जा, घटलेला दिसला, तर तो निवडीमुळे घटला की लहान समूहातील योगायोगाने, हे सांगता येत नाही. दोन्ही प्रतींत तोच बदल दिसला, तर विधानाला बळ येते. प्रत्येक पिढीत 16 नर आणि 16 माद्या पैदाशीस लावल्या, तर अंतःप्रजनन दर पिढीला सुमारे 1.6 टक्क्यांनी वाढते; जोड्यांची संख्या निम्मी केली की हा वेग दुप्पट होतो.

आईचा प्रभाव वेगळा काढण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि याची मला मनापासून खंत वाटते. वाढीसाठी निवडलेली मादी आकाराने मोठी असते, तिचे दूधही अधिक असू शकते, आणि पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यातील वजन हे त्याच्या स्वतःच्या जनुकांइतकेच त्या दुधावर अवलंबून असते. जन्मानंतर प्रत्येक विणीतील पिल्ले आठवर आणावीत आणि काही विणींत दोन्ही वंशांची पिल्ले एकमेकांच्या आयांकडे द्यावीत. ही अदलाबदल पहिल्या एक-दोन दिवसांतच केली, तर आया पिल्लांना सहसा स्वीकारतात.

खाद्य, साठा आणि उष्णता

ऊर्जेचा ताळेबंद तीन बाजूंचा असतो: शरीराला उपलब्ध झालेली ऊर्जा ही बाहेर गेलेली उष्णता आणि शरीरात साठलेली ऊर्जा यांच्या बेरजेइतकी असावी लागते. यांतील कोणत्याही दोन बाजू मोजून तिसरी काढता येते, पण तिन्ही मोजल्या तर चूक पकडता येते.

खाद्य मोजताना दाणीतून कमी झालेले वजन म्हणजे खाल्लेले वजन असे धरू नये. काही उंदीर पेलेट (खाद्याच्या घट्ट गोळ्या) कुरतडून भुशात पाडतात, आणि ही सवय एका वंशात दुसऱ्यापेक्षा अधिक असू शकते. तळाचा भुसा चाळून सांडलेले खाद्य वेगळे काढावे, कोरडे करावे आणि वजा करावे. पावसाळ्यात गोव्याच्या किनारपट्टीवर हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या वर राहते, त्यामुळे उघड्या दाणीतील पेलेट ओलावा शोषून जड होतात आणि त्या दिवसांत उंदराने खरोखर खाल्ले त्याहून कमी खाल्ले, असे भासते. एक दाणी रिकाम्या पिंजऱ्यावर ठेवून तिचेही वजन रोज घेतले की ही चूक दुरुस्त करता येते. विष्ठा गोळा करून तिची ऊर्जा बॉम्ब कॅलरीमापीत (नमुना जाळून निघालेली उष्णता मोजणाऱ्या उपकरणात) मोजली, तर पचनाच्या कार्यक्षमतेत फरक आहे का, हेही कळते.

साठा मोजण्यासाठी शरीररचना लागते. जिवंत उंदरात चुंबकीय अनुनादावर किंवा दुहेरी क्ष-किरणांवर चालणारे यंत्र मेद आणि मेदरहित वस्तुमान वेगळे दाखवते. ते नसेल, तर नीतिशास्त्र समितीने मान्य केलेल्या पद्धतीने जीवन संपवल्यानंतर शरीर वाळवून ईथरने मेद काढण्याची जुनी सॉक्सलेट पद्धत आजही विश्वासार्ह आहे.

उष्णता बहुतेक ठिकाणी श्वासातील वायूंवरून काढतात. 1949 साली वीर यांनी दिलेल्या सूत्रानुसार वापरलेल्या ऑक्सिजनच्या लिटरला 3.941 ने आणि सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या लिटरला 1.106 ने गुणून बेरीज केली की किलोकॅलरी मिळतात. एखाद्या उंदराने दिवसभरात 1.8 लिटर ऑक्सिजन घेतला आणि 1.6 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडला, तर उष्णता 8.86 किलोकॅलरी होते. त्याच दोन आकड्यांचे गुणोत्तर, म्हणजे श्वसन गुणांक, इथे 0.89 आहे, तो 0.7 जवळ असेल तर मुख्यतः मेद जळत आहे आणि 1 जवळ असेल तर कर्बोदके. भुकेल्या निवड-वंशातील उंदरात रात्रीच्या जेवणानंतर हा गुणांक 1 च्या वर गेलेला दिसला, तर यंत्र लगेच बिघडलेले समजू नये. कर्बोदकांपासून नवा मेद तयार होत असताना असेच घडते, आणि वाढीच्या वंशांत तो एक बोलका पुरावा असतो. उंदराला मोजणीच्या पिंजऱ्यात रुळण्यासाठी दोन-तीन दिवस द्यावेत आणि त्यानंतर किमान 48 तासांची नोंद घ्यावी.

खोलीचे तापमान हा प्रयोगाचाच भाग आहे

उंदराला शरीर गरम ठेवण्यासाठी जादा ऊर्जा खर्चावी लागू नये, असे तापमान साधारण 30 अंश सेल्सियसच्या आसपास असते. जगातील बहुतेक प्राणिगृहे मात्र 20 ते 24 अंशांवर चालतात, कारण तिथे कोट घालून काम करणाऱ्या माणसांना ते सुखाचे वाटते. त्या थंडाव्यात उंदराच्या दिवसाच्या खर्चाचा मोठा हिस्सा केवळ ऊब टिकवण्यावर जातो. लहान शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने अधिक असल्यामुळे हा भार तुलना-वंशातील लहान उंदरावर अधिक आणि निवड-वंशातील मोठ्या, चरबीयुक्त उंदरावर कमी पडतो. म्हणजे 22 अंशांवर मोठा उंदीर ‘काटकसरी’ भासतो, पण त्या काटकसरीतील काही भाग चयापचयाचा नसून आकारमानाचा असतो. याउलट 30 अंशांवर तोच मोठा उंदीर उष्णता बाहेर टाकता न आल्यामुळे खाणे कमी करू शकतो. शक्य असेल तर दोन्ही तापमानांवर मोजावे.

एका जुलै महिन्यात आमच्या प्राणिगृहातील वातानुकूलन रात्रभर बंद पडले आणि मी त्या रात्रीची संपूर्ण नोंद रद्द केली. आज मला ती चूक वाटते. खोली तापत गेली तसा लहान उंदरांचा उष्णता-व्यय किती वेगाने खाली आला आणि मोठ्यांचा किती, हे त्या नोंदीत होते; मुद्दाम आखलेल्या प्रयोगातही तेच पाहायचे असते. प्रत्येक पिंजऱ्याजवळ तापमान आणि आर्द्रता यांची स्वयंचलित नोंद ठेवावी, आणि वीज गेल्याची वेळ वहीत लिहावी. एकेकटा ठेवलेला उंदीर इतरांना बिलगून ऊब मिळवू शकत नाही, म्हणून पिंजऱ्यात किती उंदीर होते आणि घरट्यासाठी साहित्य दिले होते का, हेही लिहावे.

भाजक निवडण्यापूर्वी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा, आठ आठवड्यांच्या वयात तुलना-वंशातील उंदीर 30 ग्रॅमचा आहे, त्यात 4 ग्रॅम मेद आहे आणि तो दिवसाला 11 किलोकॅलरी खर्च करतो. निवड-वंशातील उंदीर 60 ग्रॅमचा आहे, त्यात 15 ग्रॅम मेद आहे आणि त्याचा खर्च 17 किलोकॅलरी आहे. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे चित्र प्रत्यक्षात सहज समोर येऊ शकते.

खर्चाला वजनाने भागले तर ग्रॅममागे 0.367 आणि 0.283 किलोकॅलरी मिळतात, आणि निवड-वंशाचे चयापचय 23 टक्क्यांनी मंद आहे असा निष्कर्ष निघतो. परंतु सस्तन प्राण्यांत उष्णता-व्यय वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. क्लायबर यांनी 1932 मध्ये दाखवल्याप्रमाणे तो वजनाच्या साधारण तीन-चतुर्थांश घातानुसार वाढतो. वजन दुप्पट झाले की अपेक्षित खर्च 1.68 पटच होतो, म्हणजे 18.5 किलोकॅलरी. या मापाने 17 हा आकडा केवळ 8 टक्क्यांनी कमी ठरतो. आता चरबी बाजूला काढून, जी ऊत अधिक खर्च करते त्या मेदरहित वस्तुमानाकडे पाहू: 26 ग्रॅम विरुद्ध 45 ग्रॅम. तोच घात इथे वापरला तर अपेक्षित खर्च 16.6 किलोकॅलरी येतो, आणि प्रत्यक्ष 17 हा त्याहून किंचित अधिकच आहे. एकाच उंदराच्या एकाच दिवसाच्या मोजणीतून ‘बराच मंद’, ‘थोडा मंद’ आणि ‘जवळजवळ तसाच’ अशी तीन उत्तरे निघाली, आणि फरक फक्त भाजकाचा होता.

यांतील कोणताही घात डोळे झाकून लावण्यापेक्षा, प्रत्येक उंदराचा एकूण खर्च, मेदरहित वस्तुमान आणि मेद या तिन्ही नोंदी घेऊन सहप्रसरण विश्लेषण (वस्तुमानाचा परिणाम हिशेबात धरून गटांची तुलना करण्याची सांख्यिकी पद्धत) करावे, आणि दोन्ही वंशांच्या खर्च-वस्तुमान रेषा एकमेकींना समांतर आहेत का, हे आधी तपासावे. अशा विश्लेषणासाठी ‘कॅलआर’ हे मोफत साधन 2018 पासून उपलब्ध आहे. वंशांच्या वजनांत अजिबात परस्परव्याप्ती नसेल, म्हणजे तुलना-वंशातील सर्वांत मोठा उंदीरही निवड-वंशातील सर्वांत लहानापेक्षा हलका असेल, तर ही पद्धतही रेषा रिकाम्या जागेतून ओढते. अशा वेळी निवड-वंशातील तरुण उंदीर आणि तुलना-वंशातील प्रौढ उंदीर समान वजनाला मोजून पाहावेत, परंतु त्यांच्या परिपक्वतेत फरक आहे हे स्पष्ट नोंदवावे. समान वय, समान वजन आणि प्रौढ वजनाचा समान टक्का, या तीन तुलना तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

मेदरहित वस्तुमानही एकजिनसी नसते. यकृत, मूत्रपिंड, हृदय आणि आतडे यांचे वजन थोडे असले, तरी विश्रांतीच्या खर्चात त्यांचा वाटा मोठा असतो. अधिक खाणाऱ्या वंशाचे आतडे आणि यकृत मोठे होऊ शकते, आणि मग विश्रांतीचा खर्च वाढलेला दिसतो तो या अवयवांमुळे. अवयवांची वजने घेण्यासाठी विच्छेदनाच्या दिवशी फार वेळ लागत नाही. ती अवश्य घ्यावीत.

कार्यक्षमता आणि भूक वेगळी करणे

ग्रॅम वजनवाढीमागे किती खाद्य लागले, या साध्या गुणोत्तरात वाढीचा वंश जवळजवळ नेहमीच वरचढ ठरतो. यामागचे मोठे कारण दिवसांची बचत हे असते. 15 वरून 30 ग्रॅमपर्यंत जायला एका उंदराला 25 दिवस आणि दुसऱ्याला 12 दिवस लागले, आणि दोघांचाही निर्वाहखर्च दिवसाला 8 किलोकॅलरी धरला, तर पहिला केवळ जगण्यावर 200 किलोकॅलरी आणि दुसरा 96 किलोकॅलरी खर्च करतो. दुसऱ्याच्या पेशी अधिक कार्यक्षम असण्याची गरजच उरत नाही. निर्वाहखर्च खरोखर आनुवंशिक आहे का, हे तपासायचे असेल तर निवड थेट त्यावरच करावी लागते. अमेरिकेतील नेब्रास्का येथे उष्णता-व्ययावर दोन्ही दिशांनी निवड केली, तेव्हा अधिक उष्णता सोडणारा वंश अधिक खाणारा आणि कमी चरबीचा झाला. वजनावरील निवडीतून मिळालेल्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की भूक आणि निर्वाह हे दोन वेगळे धागे आहेत, हे स्पष्ट होते.

हे दोन धागे एकाच प्रयोगात सोडवण्याचा मार्ग म्हणजे जोडीने खाद्य देणे. निवड-वंशातील काही उंदरांना मनसोक्त खाऊ द्यावे, आणि त्यांच्याच काही भावंडांना तुलना-वंशातील उंदीर आदल्या दिवशी जितके खातात तितकेच द्यावे. मर्यादित खाद्यावरील गटाचे वजन रोज घ्यावे, आणि समितीने ठरवून दिलेल्या मर्यादेखाली वजन गेल्यास त्या उंदराला ताबडतोब पूर्ण खाद्यावर आणावे. तीन आठवड्यांनी या गटाची वाढ आणि शरीररचना तुलना-वंशासारखी झाली, तर निवडीने मुख्यतः भूक बदलली होती. इतकेच खाऊनही तो अधिक मेद साठवत असेल आणि त्याचा उष्णता-व्यय घटलेला असेल, तर ऊर्जेची वाटणी बदलली आहे. वजन तेवढेच, पण त्यात स्नायू अधिक आणि मेद कमी असेल, तर शोध वाढसंप्रेरकाच्या मार्गाकडे वळवावा, आणि पुढचा नमुना रक्ताचा घ्यावा.